बिनड्यूटीचे चार दिवस

महिपत: ती सॅक आधी खाली ठेव. लोक बघतायत.

कलावती: बघू देत. चोवीस वर्षं याच कल्याण स्टँडवर खाकी घालून फिरले, तेव्हाही बघायचे. आणि तुम्ही शहाडहून इथपर्यंत आलात कसे? सकाळी तर गुडघा उचलत नव्हता.

महिपत: रिक्षाने आलो. मी आंघोळीला गेलो आणि तू निघालीस. बाहेर येऊन बघतो तर चहा झाकून ठेवलेला आणि बाई गायब.

कलावती: गायब कसली? मोरीच्या दाराबाहेर उभं राहून दोनदा सांगितलं, की पासाचे दोन दिवस उरलेत, ते फिरून येते. तुम्ही नळ मोठा सोडलात.

महिपत: पाणी जायची वेळ झालेली.

कलावती: हो का. मग तिसऱ्यांदा सांगते. पासाचे दोन दिवस उरलेत, ते फिरून येते.

गोदा: दाजी, बसा की हितं. बाकावर हाय जागा. आमच्यातली तिसरी, मेघना, चौकशीच्या खिडकीवर गेलीय, पैली गाडी कुठली लागतीय ते बघायला. तवर तुमचं काय ते होऊन जाऊ द्या.

महिपत: गोदाबाई, तुम्ही यात पडू नका. साठीला आलेल्या बायका तुम्ही, आणि हिला असल्या नादाला लावलंत.

गोदा: म्या लावलं? म्या रिटायर झाल्यापासनं घरात सीरियली बघत पडलेली. फोन हिनं केला. म्हणली, गोदे, चार दिवसांचा पास काढू, वाटंल त्या एसटीत बसू, वाटंल तिथं उतरू. म्या म्हणलं, कशाला? आयुष्य गेलं की एसटीत. तर म्हणली, आपण कधी उतरलोय का?

महिपत: आणि मला काय सांगितलं? नव्या कंडक्टर पोरींना शिकवायला बोलावलंय, चार दिवस नाशिकला ट्रेनिंग आहे. मी अख्ख्या बिल्डिंगला सांगत सुटलो. रिटायर झाली तरी डेपोला तिच्यावाचून चालत नाही म्हटलं. जोश्यांनी अभिनंदन केलं माझं.

कलावती: जोश्यांना सांगा, खोटं होतं.

महिपत: आता वेगळं सांगायची गरज नाही. त्यांच्याच मोबाइलवर व्हिडिओ आला. परवा तुला सोडलं आणि काल दुपारी घोडबंदरच्या ऑफिसात कुणीतरी सूरजला दाखवतो, ‘आजीने एसटी पळवली’. खाली हसणारी तोंडं. त्याने बघितलं तर स्वतःची आई. ट्रॅक पँट, पायात बूट, पाठीवर ही सॅक. सूरजने मला फोन केला, बाबा, आईचं ट्रेनिंग कुठे चालू आहे म्हणालात? काय बोलणार होतो मी?

कलावती: सूरजने मलाही फोन केला. तुम्ही पण केलात. आपल्या ऐश्वर्याच्या सासूने केला. एकाने तरी विचारलं का, की नक्की झालं काय?

महिपत: दिसतंय की व्हिडिओत. गाडी रस्त्याच्या कडेला उभी, ती कंडक्टर पोरगी कुणाच्या तरी बाइकवरून येते आणि तू तिच्यापुढे हात जोडून उभी.

कलावती: तो शेवट आहे. त्याच्या आधीचं कुणी काढलेलं नाही.

महिपत: सांग मग. आता आलोच आहे इथवर.

कलावती: काल सकाळी जुन्नरला नाशिकच्या गाडीत बसलो. कंडक्टर म्हणजे अगदी नवीन पोरगी, उर्वी नाव. चुणचुणीत. मशीनवर हात काय भराभर चालतो तिचा, मी बघतच राहिले. वाटेत एका हॉटेलवर गाडी दहा मिनिटं थांबली. लोक चहा पिऊन आले, चढले, बसले. मी आपली सवयीने डोकी मोजली. जुन्नरपासून माझ्या मनात आकडा होताच, एक्केचाळीस. मोजले, एक्केचाळीस भरले. डोक्यावर दोरी होती. हात गेला. डबल बेल दिली.

महिपत: देवा.

कलावती: डबल बेल म्हणजे निघा. ड्रायव्हर कशाला मागे वळून बघतोय, त्याने गिअर टाकला. तीन-चार किलोमीटर गेलो. एका फाट्यावर म्हातारा चढला, म्हणाला, एक सिन्नर द्या. कुणी देईना. त्याने पुन्हा मागितलं. तेव्हा कळलं, तिकीट देणारी गाडीत नाहीच.

गोदा: मोजणी बराबर हुती तिची. एक माणूस इकडं न्हाई का तिकडं न्हाई. पण कंडक्टर सवताला मोजत न्हाई नव्हं. चोवीस वर्सं एक्केचाळीस म्हंजी एक्केचाळीस, वर आपुन. म्या बी शेजारीच बसल्याली. बेल ऐकली, मला बी काय सुदिक वाटलं न्हाई. बरं वाटलं उलट.

कलावती: आणि ती कुठे होती माहितीये? बाथरूमला. हॉटेलच्या बायकांच्या बाथरूमला रांग होती. आधी सगळ्या पॅसेंजर बायका जातात, लेकुरवाळ्या जातात, म्हाताऱ्या जातात. कंडक्टर शेवटी. मी चोवीस वर्षं त्याच रांगेत शेवटची उभी राहिले. जगात दुसरं कुणी विसरलं असतं तर चाललं असतं. मी विसरायला नको होतं. त्याची लाज वाटते मला. ट्रॅक पँटची नाही वाटत.

महिपत: त्या पोरीची नोकरी?

कलावती: काही झालं नाही. पुढच्या स्टँडला उतरून मी स्वतः लिहून दिलं. डबल बेल मी दिली, वाहकाचा काही दोष नाही. खाली सही, कलावती महिपत साळवी, निवृत्त वाहक, बिल्ला क्रमांक. ती पोरगी आधी रडत होती, मग हसायला लागली. म्हणाली, मावशी, तुमची बेल मस्त आहे, मला अजून अशी जमत नाही.

महिपत: माझं नाव घातलंस त्याच्यात?

कलावती: मधे आहे ते. काढून कुठे ठेवू?

गोदा: दाजी, हसू आलं तर हसा. दाबू नगा.

महिपत: हसत नाहीये मी. आणि हे सगळं झालं, निस्तरलं, चांगलं केलंस. पण आता पुरे. घरी चल. सूरज रविवारी येतोय, त्याच्यासमोर विषय काढायचा नाही म्हणजे मिटलं.

कलावती: मिटलं कसं? माझे दोन दिवस उरलेत ना.

महिपत: काल तू आलीस ना परत? मला वाटलं, संपलं ते खूळ.

कलावती: काल मी का आले?

महिपत: ते राहू दे आता.

कलावती: सांगा ना. गोदालाही ऐकू दे. ती आणि मेघना पण माझ्यासोबत उलट फिरल्या. दुपारी तीनला तुमचा फोन, छातीत कळ येते म्हणून. मी पुढच्याच स्टँडला उतरले. दोन गाड्या बदलल्या. एका गाडीत जागा नव्हती, दोन तास उभ्याने आले. मेघनाने रस्त्यात हॉस्पिटलचे नंबर काढून ठेवले. ऐश्वर्या वर्तकनगरहून तशीच धावत आली, मुलाला शेजारी टाकून. आणि मी घरात शिरते तर तुम्ही टीव्हीसमोर. मांडीवर शेंगांची ताटली.

महिपत: आली होती कळ. थोडीशी.

कलावती: किती वाजता?

महिपत: व्हिडिओ बघितल्यावर.

गोदा: ती छातीतली न्हवं.

महिपत: तू खोटं बोललीस ते चालतं आणि मी बोललो ते नाही?

कलावती: दोघांचंही नाही चालत. माझं तर मुळीच नाही, म्हणून तर आज खरं सांगून निघाले. मोरीच्या दाराबाहेर का होईना. पण मी का बोलले त्याचा विचार करा. रिटायर झाल्यावर पहिल्या महिन्यात मी तुम्हाला खरं विचारलं होतं. आठवतंय? म्हटलं, मैत्रिणींबरोबर चार दिवस जरा फिरून येऊ का? तुम्ही पेपरमधून डोकं वर न करता म्हणालात, कशासाठी?

महिपत: साधा प्रश्न होता.

कलावती: साधाच होता. कशासाठी? लग्न नाही, मयत नाही, बारसं नाही, ड्यूटी नाही. मग आठ दिवसांनी म्हटलं, ट्रेनिंग आहे. तुम्ही लगेच माळ्यावरून बॅग काढून दिलीत. धूळ पुसून दिलीत. मला तेव्हाच कळलं. ड्यूटी गेली तर चालतं. मी गेले तर चालत नाही.

महिपत: असं काही नाही. चोवीस वर्षं मी तुला कधी अडवलं? मुक्कामाची गाडी असायची, तू रात्र रात्र बाहेर. पोरांचं कोण बघत होतं? कंपनीतली पहिली पाळी करून यायचो, भात टाकायचो, ऐश्वर्याच्या वेण्या घालायचो. शाळेत बाई तिला विचारायच्या, ही वाकडी वेणी कुणी घातली? ती सांगायची, बाबांनी. शहाडच्या चाळीत किती पुरुष वेण्या घालत होते, सांग.

कलावती: एकही नाही. ते मी विसरत नाही. कुणीही विचारलं तरी सांगते, माझ्या नवऱ्याने पोरं वाढवली. डेपोत बाकीच्या बायका माझा हेवा करायच्या.

गोदा: करायचो. माजा नवरा ताट बी उचलत नव्हता. खरं त्ये खरं.

महिपत: मग? आता म्हातारपणी तुला काय कमी पडलं, की पाठीवर पोतं बांधून रानावनात हिंडायचं?

कलावती: सांगू काय कमी पडलं? नगरची गाडी किती वर्षं केली मी? अकरा. मुरबाड, टोकावडे, मग वैशाखरे, मग माळशेज घाट. वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाचा फाटा येतो. दर शनिवारी-रविवारी पोरं-पोरी पाठीवर सॅका घेऊन तिथे उतरायच्या. मी दारात उभी राहून ओरडायचे, नाणेघाटवाले उतरून घ्या, लवकर, गाडी लेट आहे. ते उतरायचे, मी बेल मारायचे, काचेतून बघायचे तर ते झाडांत शिरतायत. अकरा वर्षं मी लोकांना तिथे उतरवलं. तिथे आहे काय, ते मला माहीतच नव्हतं. पॅसेंजर विचारायचे, बाई, वर काय आहे? मी म्हणायचे, छान आहे.

महिपत: काय आहे वर?

कलावती: परवा बघितलं. फाट्यावर आम्ही तिघीच उतरलो. आमचा कंडक्टर म्हणाला, आजी, तुमचं गाव इथे नाहीये. म्हटलं, माहितीये. आधी जंगल आहे, सावलीचं. मग चढ लागतो. दगडाच्या पायऱ्या, गुडघ्याएवढ्या एकेक. अर्ध्या वाटेत गोदा बसली.

गोदा: बसले न्हाई, पडले. ही वरनं म्हणतीय, पुढं सरका, पुढं सरका, जागा हाय. म्या म्हणलं, कले, ही काय गाडी न्हाई. मग मेघनानं माझी सॅक घ्येतली आन् हिनं माझा हात धरला. तीन तास लागले. डोंबिवलीचं एक कॉलेजचं टोळकं मागनं आलं आन् आमच्या पुढनं निघून गेलं. आमी वर पोचलो तर त्येंनी आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या. चहा दिला. म्या रडले, खोटं कशाला बोलू.

कलावती: वर एक मोठी गुहा आहे. भिंतीवर जुनी अक्षरं कोरलेली. दोन हजार वर्षांपूर्वीचा रस्ता आहे म्हणे, व्यापारी बैल घेऊन चढायचे. त्या गुहेत झोपलो आम्ही, त्या पोरांच्या चटया घेऊन. आणि सकाळी उठून कड्याच्या टोकाशी जाऊन बसले, तर खाली आपला रस्ता दिसत होता. नगरचा. एक लाल गाडी चालली होती, एवढीशी. बहुतेक सातवाली. अकरा वर्षं मी त्या डब्यात उभी होते आणि हे सगळं डोक्यावर होतं. मला फार राग आला हो. कुणाचा ते नाही सांगता येत. आणि मग इतकं बरं वाटलं, की तुम्हाला फोन करावा असं वाटलं.

महिपत: मग केला का नाहीस?

कलावती: मी ट्रेनिंगला होते ना. नाशिकला.

गोदा: दाजी, पाणी प्या.

महिपत: नको. हे बघ कला, तुझं म्हणणं कळलं मला. बघितलंस, झालं. पण मी काय म्हणतो ते समजून घे. तेव्हा तू रात्रीची बाहेर असायचीस, पण कुठे आहेस ते मला माहीत असायचं. परवा रात्री तू कुठल्या गुहेत झोपलेलीस आणि मी घरी सुखाने झोपलो. काल व्हिडिओ बघितल्यावर कळलं, की तू होतीस कुठे हे मला माहीतच नाही. माणसाला माहीत नको का, आपलं माणूस कुठे आहे?

कलावती: तेव्हा तुम्हाला कसं माहीत असायचं?

महिपत: तू ड्यूटीचं सांगून जायचीस ना.

कलावती: मी सांगायचे. आणि मग तुम्ही काय करायचात?

महिपत: काय करायचो?

कलावती: बोला ना.

महिपत: काय बोलू? पोरांना जेवायला घालायचो.

कलावती: फोन करायचात. जिथे मुक्काम असेल तिथल्या स्टँडवर. खिडकीतल्या कंट्रोलरला.

महिपत: कुणी सांगितलं तुला?

गोदा: दाजी, समद्या डेपोला ठावं हुतं.

कलावती: पहिल्यांदा कळलं ते जामखेडच्या मुक्कामाला. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. सकाळी हिशोब देऊन निघत होते, तर तिथला म्हातारा कंट्रोलर म्हणाला, बाई, रात्री घरून फोन होता. मी घाबरले. म्हटलं, पोरं बरी आहेत ना? तो म्हणाला, पोरांचं काही नाही. गाडी पोचली का विचारत होते. बाई गाडीसोबतच आहेत का. आणि ड्रायव्हर कोण आहे, वय काय त्याचं.

महिपत: कला, इथे नको.

कलावती: इथेच. याच स्टँडवर ते सगळ्यांना माहीत होतं, मग बोलायला काय जातंय? तो म्हातारा वाईट नव्हता. त्याने खाली बघून सांगितलं मला. मी नळावर जाऊन तोंड धुतलं आणि गाडीत चढले. तो ड्रायव्हर माझ्या वडिलांच्या वयाचा होता. त्या दिवशी त्याने विचारलं, पोरी, बरं नाही का? मी त्याच्याशी नगरपर्यंत बोलले नाही. त्याचा काय दोष होता?

महिपत: तेव्हा आई होती. रोज बोलायची. बायको रात्रीची परगावी, परक्या माणसाच्या गाडीवर, आणि हा इथे भात शिजवतोय. चाळीत पण बोलायचे. मी कंपनीत जायचो तर तिथे पण कुणीतरी काहीतरी टाकायचा. फोन केला, की मला छातीवर हात ठेवून सांगता यायचं, पोचली ती, सगळं ठीक आहे.

कलावती: कुणाला सांगता यायचं?

महिपत: आईला.

कलावती: सासूबाई जाऊन बारा वर्षं झाली. शेवटचा फोन रिटायर व्हायच्या आधल्या महिन्यातला आहे.

महिपत: ...मला पण.

कलावती: हां. हे आज पहिल्यांदा बोललात.

महिपत: तुला एवढं माहीत होतं, तर चोवीस वर्षं गप्प का राहिलीस?

कलावती: आधी लाज वाटायची. मग वाटायचं, माणूस पोरांच्या वेण्या घालतो, भात टाकतो, त्याला काय बोलायचं. म्हणजे तुम्ही घरी जे करायचात ना, त्याच्या ओझ्याने मी गप्प बसले. नवीन कंट्रोलर आला, की जुना त्याला सांगून जायचा, साळवीबाईंच्या मिस्टरांचा फोन येतो, नीट उत्तर द्या. माझी बदली झाली, की तो निरोप माझ्या आधी पोचायचा. पॅसेंजरवर ओरडायचे मी, ड्रायव्हरवर ओरडायचे, स्टँडवर लोक घाबरायचे मला. आणि खिडकीसमोरून जाताना मान खाली. परवा गुहेत झोपले, ती माझ्या आयुष्यातली पहिली रात्र, जिथला नंबर तुमच्याकडे नव्हता. तुम्हाला सांगते, मी मेल्यासारखी झोपले.

महिपत: मी तुझ्यावर संशय घेतला असं नाही. मला भीती वाटायची.

कलावती: कसली?

महिपत: तू येणार नाहीस, अशी. रोज वाटायचं. तुझ्याकडे पगार, तुला सगळी गावं माहीत, लोक तुला बाई बाई करतात. माझं काय, शहाड ते कंपनी, कंपनी ते शहाड. तू कशाला परत येशील?

कलावती: आले ना पण. प्रत्येक वेळी. तुम्ही तेही मोजायला हवं होतंत.

गोदा: कले, मेघना हात करतीय. गाडी लागतीय म्हणं.

(अलिबागची लाल गाडी वळून फलाटाला लागते.)

महिपत: ही कुठली?

कलावती: अलिबाग. गोदे, तू पुढे हो, तिघींची जागा धर. खिडकी मला.

गोदा: व्हय. दाजी, येते. तुमी वंगाळ न्हाई, पण आज आमाला अडवू नगा.

महिपत: अलिबागला तुझ्या ओळखीचं कोण आहे?

कलावती: कुणी नाही. त्या रूटवर मला कधी ड्यूटी लागलीच नाही. तिथल्या स्टँडवर साळवीबाई कोण, हे कुणाला माहीत नाही, आणि त्यांचे मिस्टर कोण, हेही नाही. म्हणून तर म्हटलं, हीच गाडी पहिली लागू दे.

महिपत: आज चढलीस तर मी ऐश्वर्याकडे निघून जाईन. वर्तकनगरला.

कलावती: जा ना. नातवाला बरं वाटेल. तिला सॅक मीच मागितली होती, तिला रागवू नका. आणि कालच्या शेंगांबद्दल तिची माफी मागा. चावी जोश्यांकडे ठेवा.

महिपत: सूरजला काय सांगू?

कलावती: खरं सांगा. आई फिरायला गेली. कशासाठी म्हणाला तर म्हणावं, विचारलं नाही.

महिपत: मी आडवा उभा राहिलो दारात तर?

कलावती: तर गाडी लेट होईल, पन्नास माणसं ओरडतील, आणि मी बाजूने चढेन. असे दारातले लोक खूप बघितलेत मी. सरका.

महिपत: कला.

कलावती: बोला. दोन मिनिटं आहेत.

महिपत: सॅकचा पट्टा सुटलाय डावीकडचा. थांब, लावतो. ...लागला. परत कधी?

कलावती: पास उद्यापर्यंत आहे. उद्या कुठल्या गाडीत बसू ते उद्या ठरेल. परवा सकाळी घरी.

महिपत: आणि तिथे पोचलीस की नाही, कुठे उतरलीस, कुठे राहिलीस, हे मी आता कुणाला विचारायचं?

कलावती: मला विचारा.